मुलाचा स्वभाव ओळखून विषय कसे निवडावेत

दहावीचा निकाल लागतो तेव्हा कोकणात आंब्याचा हंगाम आटोपत आलेला असतो आणि घरोघरी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसमोर एकच चर्चा रंगते, ती म्हणजे किती टक्के पडले आणि आता कोणती शाखा घ्यायची. राज्याच्या विभागवार निकालात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा कोकण विभाग अनेक वर्षे पहिला येत आला आहे, याचा मला शिक्षक म्हणून मनापासून आनंद होतो. पण टक्केवारीवरून मुलाने किती गुण मिळवले एवढेच कळते. ते कशात रमते, कशाने थकते आणि कोणत्या पद्धतीने शिकते, हे गुणपत्रिकेत कुठेही लिहिलेले नसते. ते घरातल्या माणसांनीच पाहावे लागते, आणि कसे पाहावे यासाठी हे लेखन आहे.

सुरुवातीलाच स्वभाव, आवड आणि क्षमता या तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात, कारण बहुतेक चुका त्यांची गल्लत केल्यामुळे होतात. अबोल मुलाला ‘हा कारकुनीच करणार’ असे म्हणणे किंवा बडबड्या मुलीला ‘ही वकील होणार’ असे ठरवून टाकणे म्हणजे स्वभावावरून क्षमतेचा निकाल लावणे होय. स्वभावाचा प्रभाव मुख्यतः मूल कोणत्या विषयाकडे ओढले जाते आणि अभ्यासाला किती चिकाटीने बसते, यावर पडतो. त्यावरून मुलाला काय जमणार नाही, हे मात्र ठरवता येत नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या, माणसांना सोळा प्रकारांत बसवणाऱ्या चाचणीचा उपयोग गप्पांपुरताच करावा. कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या विचारांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी ती तयार केली, परंतु काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ सर्वाधिक वापरतात ती पाच घटकांची मांडणी उपयोगी पडते: नव्या अनुभवांविषयीचे कुतूहल, नेटकेपणा व चिकाटी, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्वस्थता. यांतला प्रत्येक घटक कमी-अधिक प्रमाणात प्रत्येकात असतो, म्हणून येथे कप्पे नसतात. ऑस्ट्रेलियातील संशोधक आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली ७०,००० हून अधिक विद्यार्थ्यांवरील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या पाचांपैकी चिकाटीचा गुणांशी सर्वांत ठळक संबंध दिसला आणि तो बुद्धिमत्तेपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र होता. कुतूहल अधिक असलेले विद्यार्थी कला, साहित्य आणि मानसशास्त्र यांकडे अधिक वळलेले आढळतात, असे डेन्मार्कच्या अ‍ॅना वेडेल यांनी २०१६ साली घेतलेल्या आढाव्यात दिसते. हे समूहाच्या सरासरीविषयीचे निष्कर्ष आहेत. ते तुमच्या एका मुलाला जसेच्या तसे लावू नयेत.

आवडीसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची १९५९ पासूनची मांडणी मला सर्वांत जवळची वाटते. हातांनी वस्तू करणे, शोध घेणे, कल्पनेतून काही निर्माण करणे, माणसांना मदत करणे, लोकांना पटवून काम पुढे नेणे आणि माहिती नीट लावून ठेवणे, अशा सहा ओढी त्यांनी सांगितल्या आणि बहुतेकांत त्यांतल्या दोन-तीन एकत्र असतात असे मानले. होडीचे इंजिन खोलून बसणारा, बागेतल्या मोहोरावर कोणती कीड पडली हे पाहत राहणारा आणि दशावतारात आयत्या वेळी संवाद रचणारा मुलगा, यांच्या ओढीत किती फरक आहे हे आपल्या गावातच दिसते.

आता प्रत्यक्ष पाहणी. एक साधी वही घ्यावी आणि तीन आठवडे रोज रात्री फक्त दोन-तीन ओळी लिहाव्यात. कोणी न सांगता मुलाने आज काय हाती घेतले, काय करताना त्याला वेळेचे भान राहिले नाही, कोणते काम त्याने अडले तरी सोडले नाही, एवढेच टिपावे. ‘आळशी आहे’ किंवा ‘हुशार आहे’ असे विशेषण लिहू नये, घडलेली गोष्ट लिहावी. ‘खळ्यात बसून धाकट्या बहिणीला भागाकार शिकवला, दोनदा चुकली तरी चिडला नाही’ अशी एक ओळ दहा विशेषणांपेक्षा अधिक सांगते. परीक्षेचे आणि गणपतीचे दिवस टाळावेत, कारण त्या दिवसांत कोणीच नेहमीसारखे वागत नाही.

ही सवय मला एका विद्यार्थ्याने लावली. अपूर्णांकांच्या चाचणीत तो सातत्याने नापास होत असे आणि त्याला गणित जमणारच नाही, असे मीही मानून चाललो होतो. तो पहाटे वडिलांबरोबर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरायला, जात असे. एका एकादशीच्या दिवशी, भरती केव्हा आहे असे मी सहज विचारले, तर तो क्षणात म्हणाला, “सव्वाआठला, सर.” तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्याला तोंडपाठ होता, आणि अकराची पाऊणपट त्याने बोटेही न मोजता केली होती. फळ्यावर अकरा गुणिले तीन चतुर्थांश लिहिले असते तर तो गप्प बसला असता. क्षमता होती, तिच्यापर्यंत जाणारी माझी वाट चुकली होती, याची खंत मला आजही वाटते.

म्हणून शाखा बदलण्याआधी अभ्यासाची पद्धत बदलून पाहावी. अबोल मुलाला गटचर्चेला ढकलण्याऐवजी आधी लिहून आणू द्यावे. बोलक्या मुलीने आजीला इतिहासाचा धडा सांगावा, तिचे पाठांतर आपोआप होते. कुतूहल भरपूर पण चिकाटी कमी असलेल्या मुलाला रोज ठरावीक वेळी पडवीत बसवून अर्ध्या तासाचे एकच काम द्यावे, कारण चिकाटी सवयीने वाढते. फार काळजी करणाऱ्या मुलासमोर टक्क्यांचा विषय काही दिवस काढूच नये.

तीन आठवड्यांनी वही मुलाबरोबर बसून वाचावी आणि ‘यात तुला तू दिसतोस का?’ असे विचारावे. जी ओढ वारंवार दिसते तिची प्रत्यक्ष चव द्यावी: मासळीत रमणाऱ्या मुलाला रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात, झाडाझुडपांत रमणाऱ्याला दापोलीच्या कृषी विद्यापीठात घेऊन जावे आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी एकटे बोलू द्यावे. तरीही निर्णय होत नसेल आणि मुलाची तयारी असेल, तर अकरावीला विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत, कारण विज्ञानातून पुढे कला किंवा वाणिज्यकडे वळता येते, उलट वाट मात्र फार अरुंद आहे. ओढ स्पष्टपणे भाषेकडे किंवा माणसांकडे असेल, तर नव्वद टक्के असूनही कला शाखेचा अर्ज भरताना संकोच करू नये, आणि शेजारी काय म्हणतील याचे उत्तर वहीतल्या नोंदींवरून द्यावे.