डार्टमूरचे टॉर पायी कसे फिरावेत

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे, डेव्हनमध्ये, डार्टमूरचं उघडं माळरान आहे. १९५१ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, एकूण ९५४ चौरस किलोमीटरचं. गवत, हीदरची बुटकी झुडपं, काटेरी गॉर्स, मोकळी चरणारी तट्टं, आणि टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे थरावर थर रचल्यासारखे खडक. या खडकाळ माथ्यांना तिथे टॉर म्हणतात.

उंचीला घाबरायचं कारण नाही. सर्वांत उंच हाय विलहेज जेमतेम ६२१ मीटर आहे. खरा कस लागतो तो एका टॉरवरून दुसऱ्या टॉरवर जाताना. सह्याद्रीत वाट चुकली तर कडा नाहीतर कारवीचं रान अडवतं. इथे अडवणारं काहीच नसतं, माणूस चुकीच्या दिशेला खुशाल तासभर चालत राहतो. म्हणून टॉर बघायचे तर आधी मधली जमीन वाचायला शिकायची.

पहिल्यांदा हेटॉर आणि हाउंड टॉर

सुरुवात पूर्वेकडच्या या जोडीपासून करा. दोन्हींच्या पायथ्याशी गाडीतळ आहे आणि माथ्यापर्यंत वाट मळलेली आहे. हाउंड टॉरवरून (४१४ मीटर) आग्नेयेला उतरलं की मध्ययुगात ओस पडलेल्या वस्तीची जोती लागतात. घरांचे चौथरे, दारांच्या जागा अजून ओळखू येतात. इथे घाई करू नका. पुढे ग्रेटर रॉक्सवरून बेका ब्रुक ओढ्यावरच्या दगडी पुलापर्यंत उतरायचं आणि समोरची चढण चढून हेटॉरच्या (४५७ मीटर) जुन्या खाणींकडे जायचं. खाणीतला दगड वाहून न्यायला १८२० साली इथे घोड्यांनी ओढायच्या वाघिणींचा मार्ग बांधला. त्याचे रूळसुद्धा ग्रॅनाइटचेच आहेत आणि ते आजही गवतात दिसतात. १८३१ मध्ये खुल्या झालेल्या लंडन ब्रिजसाठी इथला दगड गेला. धुकं आलं तर हेच रूळ धरून चालता येतं, म्हणून ते नकाशावर आधीच हेरून ठेवा.

नकाशा आणि वेळेचा हिशेब

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल २८ हा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा आणि होकायंत्र सोबत हवंच. फोन जरूर न्या, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. माळावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते.

सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं जादा, हा नेस्मिथचा नियम चांगल्या वाटेवर लागू पडतो. गवताच्या गड्ड्यांमधून चालताना वेग सहज निम्म्यावर येतो. डिसेंबरात दुपारी सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, हेही हिशेबात धरा.

लाल निशाण दिसलं की मागे फिरा

उत्तरेकडच्या माळावर ओकहॅम्प्टन, विल्सवर्दी आणि मेरिवेल ही लष्कराची सरावक्षेत्रं आहेत. हाय विलहेज आणि त्याच्या शेजारचा यस टॉर (६१९ मीटर) ओकहॅम्प्टनच्या हद्दीत येतात. गोळीबाराचं वेळापत्रक सरकारी संकेतस्थळावर आधी जाहीर होतं, ते पाहिल्याशिवाय निघूच नका. हद्दीवर लाल-पांढरे खांब असतात. गोळीबार असेल तर दिवसा टेकड्यांवर लाल निशाणं आणि रात्री लाल दिवे लावतात. गवतात पडलेली धातूची वस्तू कितीही साधी दिसली तरी हात लावायचा नाही.

जमीन पायाखाली कशी ओळखायची

पोपटी, टवटवीत हिरवळ दिसली की थांबा. ती बहुधा पाण्यावर वाढलेली शेवाळाची गादी असते. कडेला पाय दाबला तर आजूबाजूची जमीनही हलते. पांढऱ्या कापसासारख्या बोंडांचं गवत हीही ओलीची खूण. काठीने चाचपा आणि चढाच्या बाजूने वळसा घ्या. तपकिरी हीदर वाढलेली जमीन त्यामानाने कोरडी असते. टॉर समोर दिसतोय म्हणून नाकासमोर चालत सुटणं हा सर्वांत लांबचा रस्ता ठरतो.

टॉरच्या उतारावर सुट्या दगडांचा खच पसरलेला असतो, त्याला क्लिटर म्हणतात. ग्रॅनाइट सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या भेगांत पाणी मुरत गेलं, हिमयुगात ते गोठून फुगलं आणि निखळलेले दगड घसरत खाली आले. शेवाळलेला ओला क्लिटर फार निसरडा असतो. टॉरला एक चक्कर मारा, कुठल्या तरी बाजूला गवताची पट्टी वरपर्यंत गेलेली बहुतेकदा सापडते. मोठ्या टॉरच्या माथ्यावर चढताना, उतरता येईल का हे आधी बघा.

धुकं उतरलं तर

नैर्ऋत्येचे ओले वारे थेट इथे आदळतात आणि ऊन असताना अर्ध्या तासात समोरचा टॉर दिसेनासा होतो. ढग खाली यायला लागले की लगेच आपली जागा नकाशावर नक्की करा आणि होकायंत्रावर दिशा लावून घ्या. पूल गाठायचा असेल तर थेट पुलावर रोख धरू नका, मुद्दाम थोडा डावीकडे धरा. ओढा लागला की उजवीकडे वळायचं, हे मग पक्कं असतं. रोख नेमका पुलावर धरला आणि ओढ्याकाठी पूल दिसला नाही, तर डावीकडे जायचं की उजवीकडे हे कळायला मार्ग नसतो.

अडकलात तर ९९९ ला फोन करून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचाव पथक) मागा. शिट्टी मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा.

माळाचे नियम

तट्टांना खायला घालू नका. ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात. १ मार्च ते ३१ जुलै जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी कुत्रा पट्ट्यातच ठेवावा लागतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड तपासा, त्यातून लाइम आजार होतो.

हेटॉर-हाउंड टॉरची जोडी जमली की ओकहॅम्प्टनला जा. एक्झेटरहून तिथली नियमित रेल्वे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. स्टेशनपासून दक्षिणेला चालत यस टॉर आणि पुढे हाय विलहेज एका दिवसात होतं, अर्थात त्या दिवशी गोळीबार नसेल तर.