वजन उतरताना काटा परत वर गेला? या चुका टाळा

हे लिहितेय ते ज्यांना तीस, चाळीस, पन्नास किलो उतरवायचेत त्यांच्यासाठी. दोन-तीन किलोवाल्यांना यातलं बरंचसं लागणार नाही, पण ज्यांचं काम वर्ष-दोन वर्षं चालणारंय त्यांना काटा खाली येता येता मधेच वर चढलेला दिसणारच, आणि नेमकं तिथेच लोक सोडून देतात. भूक सहन होत नाही म्हणून सोडणारे मी कमी बघितले, आकडा बघून सोडणारे खूप. माझं स्वतःचं बरंच वजन उतरलंय आणि त्याला काही वर्षं लागली, त्यामुळे ओळखीतले लोक मलाच विचारतात, आणि प्रश्न ठरलेला असतो, "ताई सगळं नीट चाललंय, तरी कालच्यापेक्षा सव्वा किलो जास्त दाखवतोय, आता काय बंद करू?" काहीच बंद करू नकोस, हे उत्तर इतक्यांदा देऊन झालंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

चूक पहिली, आणि सगळ्यात मोठी: एका सकाळच्या आकड्यावर निर्णय घेणं

आधी साधा हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. सव्वा किलो चरबी एका रात्रीत चढायची तर दिवसभराच्या गरजेच्या वर जवळजवळ साडेनऊ हजार कॅलरी पोटात जायला पाहिजेत. तुम्ही काल एवढं खाल्लंत का? नाही ना. मग जे वाढलंय ते चरबी असूच शकत नाही, ते पाणी आहे नाहीतर पोटात अजून पुढे न सरकलेलं अन्न आहे.

पाणी कुठून येतं तेही समजून घ्या, कारण ते कळलं की निम्मी धास्ती जाते. एक म्हणजे मीठ. शरीर आपल्यातलं पाणी ठरावीक खारटपणावर ठेवतं, साध्या सलाईनच्या बाटलीत लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं ना, साधारण तेवढ्याच. म्हणजे बाहेरच्या एका खारट जेवणातून चार-पाच ग्रॅम मीठ जास्त गेलं की ते लघवीवाटे निघून जाईपर्यंत अर्धा लिटरच्या आसपास पाणी अडकून राहणार, म्हणजे काट्यावर अर्धा किलो, आणि ते उतरायला एक-दोन दिवस जातात. दुसरं ग्लायकोजेन. ग्लायकोजेन म्हणजे खाल्लेल्या कार्बचा, म्हणजे भात, पोळी, साखर यातल्या कार्बोहायड्रेटचा, शरीराने यकृतात आणि स्नायूंत केलेला साठा, यकृतात शंभरेक ग्रॅम, स्नायूंत चारशेच्या आसपास, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी. सगळं मिळून दोन किलो झालं. डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे धडाधड उतरतं ना, त्यातला मोठा हिस्सा हाच असतो, आणि एक दिवस पोटभर कार्ब खाल्ले की त्यातलं थोडं परत भरतं. म्हणून जे लोक पहिल्या आठवड्याचा वेग धरून पुढच्या सहा महिन्यांचं गणित मांडतात त्यांना मी तिथल्या तिथे थांबवते.

याशिवाय बायकांना पाळीच्या आधीचे दिवस, कित्येकींना तेव्हा किलो-दीड किलो सहज चढतो आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतो. पोट साफ नसणं. नव्याने सुरू केलेला व्यायाम, त्याबद्दल खाली सांगतेच.

पटत नसेल तर घरी करून बघा. काट्यावर उभे राहा, आकडा बघा, एक लिटर पाणी घोट घोट करत प्या आणि परत उभे राहा. बरोबर एक किलो जास्त. त्या पाण्यात एकही कॅलरी नव्हती, तुम्ही जाड झाला नाहीत, पण काटा खोटंही बोलला नाही. त्याचं काम वजन सांगायचं, ते कशाचं आहे हे त्याला कळत नाही.

आता माझ्या मावसबहिणीचं सांगते, कारण तिच्या बाबतीत जे झालं ते मी नंतर आणखी कितीतरी जणांच्या बाबतीत झालेलं बघितलंय. सुरुवातीला ११८ किलो. आठ महिने शांतपणे खाणं सांभाळलं, चालणं सुरू ठेवलं, आणि एका सकाळी काट्याचा फोटो पाठवला, ९९.६. शंभरच्या खाली ती लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती. त्याच आठवड्यात खुशीत तिने जिम लावली आणि वजनं उचलायला लागली. पाच-सहा दिवसांनी काटा १०१.४. मग १०१, मग १०१.२, असं करत पाच आठवडे तिथल्या तिथे. मी सांगत होते की बाई, स्नायूंना नवीन मार बसला की ते दुरुस्तीसाठी पाणी ओढतात, ग्लायकोजेनही जास्त साठवायला लागतात, तुझं अंग दुखतंय म्हणतेस तेच ते, थांब जरा. तिने रात्रीचं जेवण बंद केलं. आठवड्याने सकाळचंही निम्मं केलं. संध्याकाळी अजून एक तास चालणं वाढवलं, झोप पाच तासांवर आली. पाचव्या आठवड्याच्या शेवटी एका रात्री भूक अनावर झाली, घरात होतं नव्हतं ते खाल्लं, सकाळी काट्यावर १०३ दिसलं आणि तिने सगळंच सोडून दिलं. दोन महिन्यांत १०७.

नंतर आम्ही दोघी तिची वही घेऊन बसलो. जिमच्या कार्डावर ट्रेनरने दर पंधरा दिवसांनी तिच्या कमरेचं माप लिहिलेलं होतं, ते तिने कधी नीट बघितलंच नव्हतं. ज्या पाच आठवड्यांत वजन हललं नाही म्हणून ती रडत होती त्या पाच आठवड्यांत कंबर तीन सेंटीमीटरने उतरली होती. चरबी जात होती. तिच्या जागी तात्पुरतं पाणी बसलेलं होतं, मधे दोनदा पाळी येऊन गेली होती, आणि तिने काहीही न करता आणखी दोन-तीन आठवडे काढले असते तर आकडा आपोआप खाली आला असता. एवढं होऊनही ती परत उभी राहिली, आज ९१ वर आहे, हळूहळू उतरतंय, आणि आता तिला कुणी विचारलं की ती आधी टेप काढायला सांगते.

म्हणून माझी सवय अशी: वजन रोज करायचं, उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, आणि लिहून विसरून जायचं. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढायची आणि फक्त ती बघायची, तीसुद्धा मागच्या आठवड्याशी नाही तर चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून. पाळी येणाऱ्यांनी तर पाळीच्या त्याच टप्प्यातल्या आठवड्याशी ताडावी, म्हणजे पाळी संपल्यानंतरचा आठवडा मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी. कंबर महिन्यातून दोनदा मोजायची, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप ठेवून, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर, पोट आत न ओढता. चार आठवड्यांच्या आतल्या कुठल्याही आकड्यावर खाण्यात बदल करायचा नाही. याला शास्त्रीय पद्धत वगैरे म्हणत नाही मी, माझा नियम आहे, पण हा नियम पाळणारं माणूस मधेच सोडून पळालेलं मी अजून बघितलेलं नाही.

चूक दुसरी: आकड्यासाठी पाणी तोडणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वजन पाण्याने वाढतं हे अर्धवट ऐकलं की काही जण पाणी पिणंच कमी करतात, कुणी प्लास्टिकचा सूट घालून घाम काढतं, कुणी घरातल्या मोठ्यांच्या बीपीच्या औषधांतली लघवीची गोळी उचलून घेतं, कुणी जुलाबाचं औषध. यातल्या एकानेही ग्रॅमभर चरबी जात नाही. चरबी जळते तेव्हा ती घामातून किंवा जुलाबातून पडत नाही, तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर जातो. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर साधारण ८.४ किलो श्वासावाटे आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन, असा हिशोब आहे. बाथरूममधे जाऊन दोन किलो चरबी टाकून येण्याची सोयच शरीरात नाही.

आणि धोका खरा आहे. लघवीच्या आणि जुलाबाच्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम खाली जाऊ शकतं, आणि पोटॅशियम फार खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. एका ओळखीच्या बाईंनी पुतणीच्या साखरपुड्याआधी आठवडाभर लघवीच्या गोळ्या घेतल्या, तीन किलो उतरले म्हणून खूश होत्या, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चक्कर येऊन पडल्या आणि सलाईन लावायला लागलं. ते तीन किलो दोन दिवसांत परत आले, येणारच होते. उलट अशा गोळ्या एकदम थांबवल्या की शरीर काही दिवस जास्तच पाणी धरून ठेवतं, मग काटा आधीपेक्षा वर दिसतो आणि माणूस परत गोळीकडे वळतं. यातून बाहेर काढायला फार त्रास होतो, म्हणून हात जोडून सांगते, त्या वाटेला जाऊच नका.

खाणं अजून अजून तोडत नेणं हेही त्याच घरातलं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्श्याने घटलं, आणि तरीही पुष्कळांच्या पायांवर पाणी साठून सूज आली. म्हणजे उपासमारीने पाण्याची कटकट सुटत नाही, उलट ते साठू शकतं. शिवाय फार वेगाने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, हे घाईवाल्यांना कुणी सांगत नाही.

आता बारीकसारीक चुका, भराभर.

काटा गालिच्यावर किंवा हलत्या फरशीवर ठेवू नका. कडक, सपाट जागा, आणि रोज तीच.

जिमचा काटा, घरचा काटा, दवाखान्यातला काटा यांची तुलना नको. एकच काटा धरा, तो अर्धा किलो चुकीचा असला तरी चालेल, रोज तेवढाच चुकीचा असला म्हणजे झालं.

काही डिजिटल काटे आधीचा आकडा लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असला की तोच परत दाखवतात. चार दिवस दशांशापर्यंत तोच आकडा दिसला तर हातात पाण्याची भरलेली बाटली घेऊन एकदा उभे राहा, मग बाटली ठेवून परत.

काट्यावर फॅटचे टक्के येतात ते रोज बघू नका. तो यंत्राचा अंदाज असतो, अंगातल्या पाण्यावर हलतो.

संध्याकाळी जेवून वजन करून घाबरणाऱ्यांना काय बोलावं मला कळत नाही. करू नका, बस.

क्रिएटिन (व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेत असाल तर सुरुवातीला किलो-दोन किलो पाणी वाढतं, ते धरून चाला.

चूक आणखी एक: कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवणं

रोज अमुक कॅलरी कमी, भागिले ७७००, म्हणून अमुक महिन्यात अमुक किलो, हे गणित मोठ्या वजनाला लागू होत नाही. वजन उतरलं की शरीराची गरजही उतरते, त्यामुळे तेच खाणं ठेवलं तरी वेग मंदावत जातो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं गणिती मॉडेल लॅन्सेट या जर्नलमध्ये मांडलं. ढोबळ हिशोब असा निघतो की रोजच्या खाण्यात कायमची २४० कॅलरी कपात केली तर शेवटी दहा किलोच्या आसपास वजन उतरतं, पण त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळं व्हायला तीन वर्षं. भागाकारवालं गणित हेच एका वर्षात अकरा किलो सांगतं. मग वर्षअखेर पाच किलो उतरलेलं माणूस स्वतःला नापास समजतं, जेव्हा ते अगदी बरोबर जागी असतं.

मग खरोखरच थांबलंय हे कधी म्हणायचं? चार आठवड्यांची सरासरी हलली नाही आणि कंबरही हलली नाही तर. तेव्हासुद्धा जेवण तोडायच्या आधी आठवडाभर तेल मोजून बघा. पंधरा मिलीचा एक चमचा म्हणजे १२० कॅलरीच्या आसपास, आणि वर्षभराने हात सैल झालेला असतो, सगळ्यांचाच होतो. बहुतेकदा उत्तर तिथे किंवा चव बघण्यात, उरलेलं संपवण्यात सापडतं. तिथेही नाही सापडलं तर खाण्याची गरज नव्या वजनाला धरून परत काढा.

एका बाबतीत मात्र धीर धरू नका. दोन-चार दिवसांत दोन किलो किंवा जास्त वाढ आणि सोबत पाय सुजणं, आडवं पडल्यावर धाप लागणं, लघवी कमी होणं असं असेल तर थेट डॉक्टर. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर लक्षणांची वाटही बघू नये. स्टेरॉइड, इन्शुलिन, नैराश्यावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं, ती मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं.

रोज आकडा बघून ज्यांचा अख्खा दिवस खराब होतो अशांना काही जण आठवड्यातून एकदाच बघा म्हणतात. मला ते फारसं पटत नाही, कारण तो एकच दिवस नेमका खारट जेवणानंतरचा निघाला तर आठवडा वाया गेल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा काट्यावर उभं राहताना डोळे समोर ठेवा, आकडा घरातल्या कुणालातरी वाचून वहीत लिहू द्या, आणि त्यांना सांगून ठेवा की मला फक्त रविवारी सरासरी सांगायची, मधे मी कितीही विचारलं तरी नाही. माझ्या मावसबहिणीची वही आता तिची मुलगी लिहिते.