"भिया, कल से पक्का" वाल्यांसाठी: प्लॅन टिकेल असा कसा करायचा

मी इंदूरचा, म्हणजे सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा (आमचा रात्रीचा खाऊबाजार) आणि मधे थोडं ऑफिस. शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले रोज पाऊण तास चाला. मी लगेच मित्राला फोन केला, तो म्हणाला "भिया, कल से पक्का", आणि तो कल उगवायला अकरा महिने लागले. शेवटी जमलं ते कसं जमलं तेवढं सांगतो, यातलं बरंचसं मी भंवरकुआला, म्हणजे इंदूरच्या कोचिंगवाल्या भागात, राहून पीएससीची (सरकारी नोकरीच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या भाच्यावर पण वापरून पाहिलंय.

आधी एक करा, "काय करायचं" सोडा आणि "कशाच्या पाठोपाठ करायचं" ते ठरवा. "सकाळी चालणार" हा प्लॅनच नाही, ती नुसती इच्छा झाली. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याला जर-तरची बांधणी दिली, अमुक झालं की मी तमुक करणार, बस. माझं वाक्य असं आहे: साडेपाचला दुधाची पिशवी आत घेतली की तसेच बूट घालायचे आणि गेटबाहेर. आता जाऊ की नको हा विचारच येत नाही कारण तो आदल्या दिवशी करून झालेला असतो, दूधवाल्याची घंटी वाजली की पाय बूट शोधतात. 2002 साली ब्रिटनमधल्या 248 विद्यार्थ्यांवर हे करून बघितलं होतं, काहीच न सांगितलेल्यांपैकी आणि नुसती हृदयरोगाची भीती घातलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांनी त्या आठवड्यात व्यायाम केला, आणि ज्यांना तीच भीती घालून वर कोणत्या दिवशी किती वाजता कुठे हे लिहायला लावलं त्यांच्यापैकी 91 टक्क्यांनी. म्हणजे नुसत्या लेक्चरने फारसं काही हलत नाही! (मुलांना रोज अर्धा तास सुनावणाऱ्या आईबापांनी हे फ्रिजवर लावावं.)

फक्त "जर" मधे अशी गोष्ट घ्या जी आपोआप होतेच, दूध, शाळेची व्हॅन, ऑफिसातला पंच. "वेळ मिळाला की" घेऊ नका, तो मिळत नसतो.

मग अडथळा. इथे माणूस स्वतःशीच खोटं बोलतो, मी पण बोललो. गोलविट्झरांच्या पत्नी गॅब्रिएल ओटिंगन, त्याही याच विषयातल्या, त्यांना असं दिसलं की वजन कमी करायला आलेल्या ज्या बायका बारीक झाल्याची गोड गोड चित्रं मनात रंगवत होत्या त्यांचं वजन उलट इतरांपेक्षा कमी घटलं. म्हणून त्या सांगतात की आधी इच्छा, मग ती पूर्ण झाली तर काय छान होईल, पण लगेच पाठोपाठ माझ्यातलं नेमकं काय आडवं येतं ते, आणि मग त्या अडथळ्यासाठी जर-तर. मला वाटायचं माझा अडथळा आळस. नाही हो! पुण्याहून कोणी ना कोणी येतं, "सराफा दाखव" म्हणतं, मला नाही म्हणवत नाही, आणि तिथली खरी मजा सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर सुरू होते, थंडीत गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, घरी यायला एक वाजतो मग साडेपाच कुठले. सराफा सोडणं मला या जन्मी जमणार नाही हे मी मान्य केलं आणि लिहिलं, पाहुणे आले तर सराफा फक्त शनिवारी, आणि रविवारचं चालणं संध्याकाळी सहाला. दोन महिन्यांत सगळ्या नातेवाईकांना शनिवार पाठ झाला.

आता वेळेचा अंदाज, ही भाच्याची भानगड. तो म्हणायचा इतिहास पंधरा दिवसांत संपवतो. 1994 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस, सगळंच बिघडलं तर सुमारे 49, आणि प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. मनाला विचाराल तर ते असंच सांगणार, म्हणून जुन्या वहीला विचारा. भाच्याची मागच्या विषयाची वही काढली, पहिल्या पानावरची तारीख आणि शेवटच्या पानावरची, 26 दिवस. तर इतिहासाला पण 26 लिही म्हटलं. तोंड वाकडं केलं पण लिहिलं.

आणि कॅलेंडर उलटं भरायचं, परीक्षेच्या तारखेपासून मागे येत. मधे जे दिवस जाणारच आहेत ते आधीच खोडा. इंदूरचा मुलगा अनंत चतुर्दशीला झांक्या (रात्रभरच्या देखाव्यांची मिरवणूक) सोडून आणि रंगपंचमीला राजवाड्याची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) सोडून खोलीत बसणार आहे का, उगाच त्या तारखांवर "भूगोल" लिहून काय उपयोग, दुसऱ्या दिवशीची झोप पण त्यात धरा.

एका वेळी एकच लक्ष्य घ्या हे सांगायला हवं का माहीत नाही, आमच्या हिने एकदम सहा घेतली होती, त्यातलं आता फक्त कमी साखरेचा चहा उरलाय, तोही मलाच.

खाडा पडतो. पडू द्या. लंडनमधे 96 लोकांच्या सवयी मोजल्या तेव्हा ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला अंदाजे 254 लागतील असं निघालं, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. त्यामुळे 21 दिवसांत सवय लागते असं जे ऐकता ते विसरा, आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दीड तास चालायला जाऊ नका, मी गेलो होतो, तीन दिवस पोटऱ्या धरून बसलो.

पावसाळ्याचं वेगळं वाक्य ठेवा. माझं आहे, पाऊस असला तर बिल्डिंगचा जिना दहा वेळा. गेल्या जुलैत चौथ्या फेरीला वरच्या मजल्यावरचे काका गच्चीवरचे कपडे काढायला जाताना भेटले, काय हरवलं का म्हणाले. आता पाऊस आला की तेच माझी बेल वाजवतात.