एनआरओ ठेवीच्या व्याजावर कापलेला कर परत कसा मिळवावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून नोकरीनिमित्त आखातात, जर्मनीत किंवा इंग्लंडात गेलेल्या बहुतेकांची गावाकडच्या बँकेत एखादी तरी मुदतठेव असते, आणि त्या ठेवीच्या व्याजातून बँक जवळजवळ एक तृतीयांश रक्कम कर म्हणून कापून घेते, ही तक्रारही घरोघरी ऐकायला मिळते. ही कपात कायदेशीर असते. पण ती अंतिम कर नसते. मध्यम ठेवीदारांच्या बाबतीत त्यातली बरीचशी रक्कम, आणि पुष्कळदा सगळीच रक्कम, भारतात आयकर विवरणपत्र (रिटर्न) भरून परत मिळते. त्यासाठी दुबईहून किंवा मस्कतहून करनिवासाचा दाखला (आपण त्या देशाचे करनिवासी आहोत असे तिथल्या सरकारचे प्रमाणपत्र) आणावाच लागतो, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे आणि तिच्यापायी अनेकजण हक्काच्या परताव्यावर पाणी सोडतात. दाखला कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे एकदा नीट कळले की बाकीचे काम फारसे अवघड नाही.

सर्वप्रथम खाते कोणत्या प्रकारचे आहे, हे पाहावे. एनआरई (परदेशातली कमाई भारतात रुपयांत ठेवण्याचे खाते) खात्यावरचे आणि एफसीएनआर (परकीय चलनातली) ठेवीवरचे व्याज, ठेवीदार अनिवासी असेपर्यंत, भारतात करमुक्त असते. त्यावर कपात होत नाही. एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्याचे तसे नाही. घरभाडे, शेतीचा खंड, निवृत्तिवेतन, वडिलोपार्जित जागेच्या विक्रीतून आलेला वाटा असे भारतातच मिळालेले पैसे या खात्यात जातात आणि त्यावरचे व्याज करपात्र धरले जाते. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९५ खाली (३१ मार्च २०२६ पर्यंतच्या व्याजासाठी) बँक या व्याजातून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कापते. निवासी ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या व्याजावर कपातीतून सूट असते, तशी मर्यादा येथे नाही; शंभर रुपये व्याज झाले तरी कपात होते. फॉर्म १५जी देऊन ती थांबवताही येत नाही, कारण तो फॉर्म केवळ निवासी व्यक्तीसाठी आहे. काउंटरवर कोणी सद्भावनेने तो पुढे केला, तरी अनिवासी माणसाने त्यावर सही करू नये. ते खोटे निवेदन ठरते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट हमखास आढळते. मुलगा परदेशी जाऊन बरीच वर्षे लोटलेली असतात, पण त्याचे जुने बचत खाते निवासी म्हणूनच चालू राहते आणि ठेव वडिलांनी परस्पर नूतनीकरण केलेली असते. अशा वेळी बँक १० टक्क्यांनीच कपात करते आणि घरच्यांना ते सोयीचे वाटते, परंतु परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी झाल्यावर खाते एनआरओमध्ये रूपांतरित करणे बंधनकारक आहे. सहकारी सोसायटीत ठेव ठेवणाऱ्यांनी हे अधिक लक्षात घ्यावे. बेळगावात मराठी माणसाचा सोसायट्यांवर पिढ्यान्पिढ्यांचा विश्वास आहे, पण पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिथे एनआरओ खाते उघडता येत नाही.

खात्याचा उलगडा झाला की आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर जाऊन फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे. २६एएसमध्ये बँकेच्या नावासमोर कलमाचा क्रमांक, जमा केलेले व्याज आणि कापलेला कर अशी नोंद दिसते. तिथे १९५ असा क्रमांक असेल तर बँकेने आपल्याला अनिवासी धरले आहे; १९४ए असेल तर निवासी धरले आहे, आणि मग विवरणपत्रात अनिवासी लिहिले की दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. बँकेकडून फॉर्म १६ए, म्हणजे करकपातीचे प्रमाणपत्र, मागून घ्यावा आणि त्यातील आकडे २६एएसशी ताडून पाहावेत. कापलेला कर बँकेने आपल्या पॅनवर नोंदवलाच नसेल, तर परतावा अडकतो, आणि ती दुरुस्ती बँकेनेच आपल्या तिमाही विवरणात करायची असते. संयुक्त खात्यात कपात सामान्यतः पहिल्या धारकाच्या पॅनवर दिसते, म्हणून पहिले नाव कोणाचे आहे, हेही पाहून घ्यावे.

ठेव पाच वर्षांची असली तरी कपात पाच वर्षांनी होत नाही. व्याज हाती आलेले नसले तरी बँक ते दर वर्षी हिशोबात जमा धरते आणि त्या त्या वर्षी कर कापते. “मुदत संपल्यावर एकदमच मागू” असे म्हणून थांबणाऱ्याचा आधीच्या वर्षांचा दावा मुदतबाह्य होतो. परतावा ज्या वर्षीचा त्याच वर्षीच्या विवरणपत्रातून मागायचा असतो.

आता हिशोब पाहू. एनआरओ ठेवीच्या व्याजाला निवासी माणसाच्या उत्पन्नासारखेच टप्प्याटप्प्याचे दर लागू होतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्के आहे. मस्कतमध्ये काम करणाऱ्या एखाद्या सुपरवायझरचे भारतात दुसरे काहीही उत्पन्न नाही आणि बेळगावच्या एनआरओ ठेवीवर त्याला वर्षभरात ३,६०,००० रुपये व्याज झाले, असे समजा. बँक १,१२,३२० रुपये कापेल. त्याचा प्रत्यक्ष कर शून्य येतो, म्हणून सगळे १,१२,३२० रुपये परत मिळतात. व्याज ९,००,००० रुपये असेल तर कपात २,८०,८०० रुपयांची होईल आणि प्रत्यक्ष कर उपकरासह ३१,२०० रुपये भरेल. म्हणजे २,४९,६०० रुपये परत येतील. या दोन्ही उदाहरणांत करनिवासाच्या दाखल्याचा कुठेही संबंध आलेला नाही.

मात्र वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येणारी “१२ लाखांपर्यंत कर नाही” ही सवलत येथे धरू नये. ती कलम ८७एच्या सुटीमुळे मिळते आणि ती सूट फक्त निवासी व्यक्तीला आहे. तसेच ज्येष्ठ नागरिकांना जुन्या प्रणालीत मिळणारी वाढीव करमुक्त मर्यादाही अनिवासी ज्येष्ठांना मिळत नाही. टिळकवाडीतला प्लॉट किंवा शेअर विकून झालेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातून ४ लाखांची मूळ मर्यादा वजा करण्याची मुभाही अनिवासी व्यक्तीला नाही. ती मर्यादा व्याज आणि भाडे अशा साध्या उत्पन्नापुरतीच वापरता येते.

हा सगळा हिशोब माणूस खरोखर अनिवासी असण्यावर उभा आहे. वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलेला माणूस निवासी ठरतो. सुटीवर येणाऱ्या भारतीय नागरिकाचे भारतातील उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर आधीच्या चार वर्षांतला मुक्काम ३६५ दिवस भरत असल्यास ही मर्यादा १२० दिवसांवर येते. शिवाय १५ लाखांच्या वर भारतीय उत्पन्न असलेला आणि कोणत्याच देशात करास पात्र नसलेला भारतीय नागरिक निवासी मानला जातो, हा नियम आखातात राहणाऱ्यांना विशेष लागू पडतो. पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के पाहून दिवसांचा तक्ता करून ठेवावा. गणपतीला आलेला मुक्काम दिवाळीपर्यंत लांबला की दिवस वाढत जातात, आणि पुढे विचारणा झाली तर हाच तक्ता उपयोगी पडतो.

विवरणपत्र आयटीआर-२ या नमुन्यात भरावे. आयटीआर-१ सोपा असला तरी अनिवासी व्यक्तीला तो चालत नाही. सर्वसाधारण माहितीच्या भागात अनिवासी हा पर्याय निवडून राहत्या देशाचे नाव आणि तिथला करदाता क्रमांक द्यावा लागतो. व्याज इतर स्रोतांच्या परिशिष्टात, आणि कापलेला कर टीडीएसच्या (उगमस्थानी कापलेल्या कराच्या) परिशिष्टात २६एएसप्रमाणेच लिहावा. बचत खात्यावरच्या व्याजासाठी कलम ८०टीटीएची १०,००० रुपयांपर्यंतची वजावट जुन्या प्रणालीत अनिवासी व्यक्तीलाही मिळते, पण केवळ तेवढ्यासाठी जुनी प्रणाली निवडणे बहुधा तोट्याचे ठरते. विवरणपत्राची मूळ मुदत साधारणपणे ३१ जुलै असते आणि विलंबित विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. उशीर झाल्यास विलंब शुल्क पडते, मात्र एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असल्यास ते सहसा लागत नाही.

भरून झाल्यावर पडताळणी करावी लागते, आणि अनेक परताव्यांचे घोडे इथेच अडते. आधारचा ओटीपी भारतीय मोबाइलवर येतो आणि तो क्रमांक बहुधा बंद पडलेला असतो. नेटबँकिंगमधून पडताळणी करणे सर्वांत सोयीचे आहे. तेही जमत नसल्यास आयटीआर-व्ही (विवरणपत्राची पडताळणी-पावती) छापून, त्यावर सही करून, विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांच्या आत बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात पोहोचते करावे. आईवडिलांनी किंवा भावाने हे काम बघावे असे वाटत असल्यास त्यांच्या नावे मुखत्यारपत्र करून पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंद करावी लागते. मुखत्यारपत्र परदेशात भारतीय वकिलातीसमोर केलेले असेल, तर ते कर्नाटकात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

परतावा ज्या खात्यात हवा ते खाते पोर्टलवर आधी पडताळून घ्यावे लागते; एनआरओ खाते त्यासाठी चालते, आणि भारतात खातेच नसल्यास परदेशी बँक खात्याचा तपशील देण्याचीही सोय आहे. या पडताळणीत सीमाभागातल्या लोकांना एक विशिष्ट अडचण येते. बँकेत खाते उघडताना कर्नाटकी रिवाजाप्रमाणे वडिलांच्या नावाचे आणि गावाचे फक्त आद्याक्षर लिहिलेले असते, तर पॅनवर आपल्या पद्धतीने नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण लिहिलेले असते. यंत्राला ही दोन नावे दोन माणसांची वाटतात आणि खाते नामंजूर होते. पॅन आणि पासपोर्ट दाखवून बँकेतले नाव बदलून घेणे, हाच त्यावरचा जवळचा मार्ग आहे. पत्त्यात कुठे बेळगाव आणि कुठे बेळगावी असले, तरी त्याने परतावा अडत नाही. दुसरी अडचण निष्क्रिय पॅनची. आधारशी जोडणी करण्यातून अनिवासींना सूट आहे, पण विभागाच्या नोंदीत आपण निवासी असलो तर पॅन निष्क्रिय होतो आणि परतावा थांबतो. अशा वेळी आपला निर्धारण अधिकारी (आपले प्रकरण ज्याच्याकडे आहे तो आयकर अधिकारी) कोण, हे पोर्टलवर शोधून त्यांच्याकडे पासपोर्टच्या प्रतींसह अनिवासी असल्याचे कळवावे लागते.

आता करनिवासाच्या दाखल्याकडे वळू. एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून दोन देशांमध्ये झालेल्या दुहेरी करटाळणी करारांत व्याजावरच्या कराची कमाल मर्यादा ठरलेली असते: सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत आणि जर्मनी यांच्यासाठी १० टक्के, संयुक्त अरब अमिरातीसाठी १२.५ टक्के, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्यासाठी १५ टक्के. कायद्याने करदात्याला साधे दर आणि करारातला दर यांपैकी जो हितकर तो निवडता येतो. वरच्या दुसऱ्या उदाहरणातला माणूस दुबईत असता आणि त्याने करार निवडला असता, तर त्याला ९ लाखांवर १,१२,५०० रुपये कर पडला असता; साध्या दराने तो ३१,२०० रुपयेच आहे. भारतात दुसरे उत्पन्न नसेल, तर १० टक्क्यांच्या देशांतील लोकांना व्याज सुमारे १९ लाखांच्या पुढे गेल्यावर, आणि अमिरातीत राहणाऱ्यांना सुमारे २३ लाखांच्या पुढे गेल्यावरच करार फायद्याचा होतो. भाड्याचे उत्पन्न मोठे असेल, तर ही सीमा आधीच येते.

म्हणजे दाखल्याचा खरा उपयोग परताव्यापेक्षा पुढची कपात कमी करण्यासाठी आहे. तो अमिरातीत फेडरल टॅक्स अथॉरिटीकडून, ब्रिटनमध्ये एचएमआरसी या करखात्याकडून, जर्मनीत स्थानिक करकार्यालयाकडून मिळतो; अमेरिकेत फॉर्म ८८०२ भरल्यावर फॉर्म ६१६६ या रूपात येतो. अमिरातीशी झालेल्या करारात व्यक्तीने कॅलेंडर वर्षात तिथे १८३ दिवस राहिलेले असणे आवश्यक आहे. दाखल्याच्या जोडीला भारतीय पोर्टलवर फॉर्म १०एफ (करार लावण्यासाठी द्यायची स्वतःची माहिती) ऑनलाइन भरावा आणि दोन्हींच्या प्रती बँकेच्या एनआरआय कक्षात एप्रिलमध्येच द्याव्यात. भारताचे आर्थिक वर्ष मार्चला संपते आणि दाखला बहुधा कॅलेंडर वर्षाचा असतो, त्यामुळे पूर्ण वर्ष झाकण्यासाठी कधी कधी दोन दाखले लागतात. विवरणपत्रात करार लावायचा असेल, तर कराराचे कलमही लिहावे लागते. अमिराती, जर्मनी आणि अमेरिका यांच्या करारांत व्याजाचे कलम ११ आहे, ब्रिटनच्या करारात मात्र १२.

ब्रिटन, जर्मनी, अमेरिका येथे राहणाऱ्यांनी परतावा सोडून देणे अधिकच महागात पडते. हे व्याज त्यांना तिथेही दाखवावे लागते आणि तिथले करखाते भारतातल्या कराची वजावट करारातल्या मर्यादेपर्यंतच, आणि भारतात अंतिमतः देय असलेल्या करापुरतीच देते. बँकेने कापलेले ३१.२ टक्के तिथे जसेच्या तसे वळते करून मिळत नाहीत. जादा कापलेले भारताकडूनच मागावे लागतात.

मागच्या वर्षांचे विवरणपत्र राहून गेले असल्यास अद्ययावत विवरणपत्राचा उपयोग होत नाही, कारण त्यातून परतावा मागता येत नाही. त्यासाठी पोर्टलवरून विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार असा अर्ज निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो आणि १ कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय देतात. उशिराचे कारण खरे आणि कागदाने दाखवता येण्याजोगे हवे. नियम माहीत नव्हता एवढे म्हणून भागत नाही. माफीनंतर मिळणाऱ्या परताव्यावर व्याज मात्र मिळत नाही, जे वेळेत मागितलेल्या परताव्यावर दरमहा अर्धा टक्का या दराने मिळते.

१ एप्रिल २०२६ ही आयकर कायदा, २०२५ च्या अंमलाची तारीख आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या व्याजाला वर दिलेली जुनी कलमे लागू राहतात. त्यापुढच्या व्याजासाठी कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, म्हणून बँकेला किंवा सीएला अर्ज देताना वर्ष पाहूनच क्रमांक लिहावा. ज्यांचा कर दर वर्षी शून्यच येतो आणि ज्यांना वर्षभर रक्कम अडकवून ठेवायची नाही, त्यांनी कमी किंवा शून्य दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. जुन्या कायद्यात त्यासाठी कलम १९७ आणि फॉर्म १३ होता. हे प्रमाणपत्र एका आर्थिक वर्षापुरते असते आणि त्यात नमूद केलेल्या बँकेलाच लागू होते, त्यामुळे ठेवी दोन-तीन बँकांत विखुरलेल्या असतील तर अर्जात प्रत्येक बँकेचे नाव आणि तिचा टॅन (कर कापणाऱ्याला मिळालेला) क्रमांक लिहावा.