पुण्यात बसून इलन पाइप्स शिकताना

आयरिश इलन पाइप्स, म्हणजे आयर्लंडची बॅगपाइप, शिकायला लागून मला दोन वर्षं होत आली, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. नवीन कोणी सुरू करणार असेल तर आधी बोटांच्या मागे लागू नका, कोपर बसवा. इलन हे नावच कोपरावरून आलंय. तोंडाने फुंकायचं नसतं, उजव्या कोपराखाली भाता, डाव्याखाली हवेची पिशवी, आणि पिशवीवरचा दाब हलला की सूर हललाच, वरचं सप्तकसुद्धा दाब वाढवूनच लागतं, बोटं जवळपास तीच.

मी घाईने व्हिडिओ बघून एक जिग (आयरिश नाचाची धून) बसवली होती, ती ऑनलाइन क्लासला सरांनी पूर्ण सोडायला लावली. मग सहा आठवडे फक्त खालचा डी, म्हणजे आपली पांढरी दोन. मोबाइलवर त्याच पट्टीत तानपुरा लावायचा आणि आपला सूर त्यात विरघळेपर्यंत धरायचा. पाइप्सचे तिन्ही ड्रोनही, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या, डी मध्येच असतात त्यामुळे तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे पटकन कळतं, खरंच. पण ड्रोन नंतर घ्या, सुरुवातीला चँटर (बोटांनी वाजवायची नळी), पिशवी आणि भाता एवढा प्रॅक्टिस सेट पुरे.

क्लासची वेळ नीट बघा, आयर्लंडचे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. ऐकायला विली क्लॅन्सी आणि शेमस एनिस हे जुने पायपर, रोज. डब्लिनची ना पीबरी इलन ही १९६८ पासूनची पायपर्सची संस्था, तिच्या वेबसाइटवर भरपूर मिळेल.

सगळ्यात छळते ती रीड. सनईच्या पत्तीसारखी दुहेरी, पण फुंकरीची ओल तिला मिळत नाही, खोलीची हवा जशी तशी ती. एप्रिलमध्ये माझा डी घुरघुरायला लागला आणि मी रीडभोवतीची तार सरकवत बसले, तिथेच चुकलं, दोष कोरड्या हवेचा होता, तीन आठवडे वाया. आता वाद्य ठेवायच्या पेटीत भोकं पाडलेली साबणाची डबी, त्यात ओला स्पंज, आणि पावसाळा लागला की तो काढायचा.

भाता गळायला लागला तेव्हा मात्र पेठेतले पेटी दुरुस्त करणारे काका धावून आले. हे वाद्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण भाता गालाजवळ धरून हळू दाबला आणि म्हणाले, "इथून जातीये बघ." आतल्या झडपेचं चामडं बदललं, दोन दिवस हात लावू नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी डी पहिल्यांदा अर्धा मिनिट न हलता टिकला.