फौजी भावांनो, सुट्टीत आणि ड्यूटीवर अपघात कसा टाळायचा

जम्मूहून झेलम एक्सप्रेसनं पुण्याला यायचं म्हणजे दीड दिवसाच्या वर प्रवास, त्याआधी युनिटपासून जम्मूपर्यंत ट्रकमध्ये हाडं खिळखिळी झालेली, झोप धड नाही, आणि स्टेशनवर मित्र बाइक घेऊन हजर. पहिला धोका इथंच आहे. त्या रात्री हँडल हातात घ्यायचंच नाही, एसटीनं जा नाहीतर मस्त झोप काढून सकाळी निघा, घरचे एक दिवस थांबतील.

दुसरं म्हणजे घरी कित्येक महिने उभी असलेली बाइक. युनिटमध्ये तेल, पाणी, हवा, ब्रेक बघितल्याशिवाय एमटीवाले, म्हणजे गाड्या सांभाळणारे, गाडी गेटबाहेर सोडत नाहीत ना, मग घरच्या गाडीला तेच करा. टायरला चिरा असतील तर बदलाच. हेल्मेट आयएसआयचं आणि पट्टा लावलेलं, नुसतं डोक्यावर ठेवलं तर पडताना तेच आधी उडून जातं. मागं बसणाऱ्या वहिनींना पण हेल्मेट पाहिजे, कायदाही तेच सांगतो. पार्टीत घेतली असेल तर मुक्काम तिथंच.

आता ड्यूटीचं. घाटात उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजून आहेत आणि हे मला अजिबात पटत नाही, लोड भरलेला ट्रक इंजिनच्या जोरावरच रोखायचा असतो, नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ते तापून पकड सोडतात. ज्या गिअरनं चढ चढला असता त्याच गिअरनं उतरा. बर्फ दिसला की टायरला चेन आधी लावायची, घसरल्यावर नाही.

रिव्हर्स घेताना मागं एक माणूस पाहिजेच, तो आरशात दिसेल असा बाजूला उभा राहणार, गाडी आणि भिंतीच्या मधे कधीच नाही. तो आरशातून गायब झाला की लगेच ब्रेक, मग मागून कितीही ओरडू देत. नवीन पोरं लाजून विचारत नाहीत, त्यांना सिनियरनीच शिकवायला पाहिजे.

आणि बुखारी, म्हणजे थंडीत ऊब घ्यायची शेगडी. बंद बंकरमध्ये ती पेटती ठेवून झोपलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, आणि उंचीवर तसंही हे होतंच म्हणून कुणी मनावर घेत नाही. हवा यायला फट कायम उघडी ठेवा, झोपायच्या आधी बुखारी विझवा. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं तर सगळ्यांना आधी बाहेर काढा आणि मेडिकलवाल्यांना बोलवा.