रहिवाशांचा कार्बन फूटप्रिंट मोजताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक आधी. कार्बन फूटप्रिंटची, म्हणजे माणसाच्या राहणीमानातून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची, राष्ट्रीय सरासरी घ्यायची, उत्पन्नाच्या प्रमाणात वॉर्डावॉर्डांत वाटायची आणि रंगीत नकाशा काढायचा. अर्ध्या दिवसाचं काम. मीही केलंय. एका शहर प्रशासनापुढे तो नकाशा मांडला, सगळे खूश. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "उद्या आम्ही बसफेऱ्या दुप्पट केल्या, तर यातला कुठला आकडा हलेल?" एकही नाही! मॉडेलमध्ये बस नव्हतीच, होतं फक्त उत्पन्न. त्यांच्याच उत्पन्नाचा नकाशा आम्ही हिरव्या-लाल रंगांत त्यांना परत दिला होता.

तेव्हापासून एक्सेल उघडण्याआधी कागदावर दोन रकाने आखतो. डावीकडे प्रशासनाच्या हातातले निर्णय, उजवीकडे त्या निर्णयाने बदलणारी नोंद. उजवीकडे काही लिहिता आलं नाही, तर आधी ती माहिती मिळवायची: वीजमीटरचं वाचन, प्रवासाचं सर्वेक्षण, घरांचं क्षेत्रफळ. काम कंटाळवाणं आहे. नवशिक्यांना नेमकं तेच गाळायचं असतं.

दुसरी खोड रुपये-डॉलरांची. खर्च गुणिले उत्सर्जन गुणक (म्हणजे दर रुपयामागे किती उत्सर्जन), झालं. यामागची आदान-प्रदान सारणी (कुठला उद्योग कुठल्या उद्योगाकडून किती घेतो याचा तक्ता) भक्कम आहे, त्या पद्धतीसाठी वासिली लिऑन्टिफ यांना १९७३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ती देते अख्ख्या उद्योगक्षेत्राची सरासरी. दुप्पट महाग बूट घेणारा या हिशेबात दुप्पट प्रदूषण करतो, मग ते बूट दहा वर्षं का टिकेनात. शिवाय गुणक बहुतेकदा मूळ किमतीवर असतात आणि सर्वेक्षणातला खर्च दुकानातल्या किमतीचा, म्हणजे कर आणि दुकानदाराचा नफा धरून. त्यात गुणक एका वर्षाचे, खर्च दुसऱ्या वर्षाचा. मधली महागाई गुपचूप उत्सर्जन बनून बसते. इंधन आणि वीज मी पैशांत कधीच धरत नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, भाव काहीही असो.

शहराच्या हद्दीतलं उत्सर्जन आणि रहिवाशांच्या उपभोगाचं उत्सर्जन हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते शेजारी ठेवा, बेरीज करू नका.

मिथेनचा शंभर वर्षांचा गुणक, म्हणजे तेवढ्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो, आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या चौथ्या अहवालात २५, पाचव्यात २८. कुठलाही एकच घ्या.

"गेल्या महिन्यात विमानाने गेलात का?" असं विचारणाऱ्या सर्वेक्षणात वर्षातून एकदा केलेला लांबचा प्रवास बहुतेकांच्या बाबतीत निसटतो, आणि ज्यांचा नेमका त्या महिन्यात झाला त्यांना बारा महिन्यांनी गुणलं जातं. विमानासाठी पूर्ण वर्षाचं विचारा.

आणि वॉर्डाचा दरडोई आकडा ३.४७२ टन असा लिहू नका. साडेतीन म्हणा, तेही जरा बिचकतच.